संगणकावरचे गाणे आणि ड्रायव्हरचा वाटा



गेल्या महिन्यातील एका रविवारी आमच्याच इमारतीतील एका कुटुंबाकडून बोलावणे आले. भाईंदर पूर्वेला त्यांचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आहे, बिऱ्हाड पश्चिमेला. घरातील वडीलधाऱ्या बा तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या आवाजातील स्तवनांच्या दोन कॅसेटी कपाटात होत्या. सन १९८७ च्या चातुर्मासात घरच्याच टेपरेकॉर्डरवर त्या भरलेल्या. एका दुकानात देऊन त्या संगणकावर उतरवून घेतल्या होत्या, आणि बांच्या तिथीला सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचे ठरले होते.

“ऐकून पाहा,” मोठे भाई म्हणाले आणि त्यांनी हेडफोन माझ्या हाती दिला. आवाज बसका, चपटा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. “ही माझी आई नाही,” ते हळूच म्हणाले. भाभी काही बोलल्या नाहीत.

चिरंजीवांनी एका परिचितांचा सल्ला घेतला होता. संगणकाचा ध्वनी-ड्रायव्हर सामान्य प्रतीचा आहे, तो बदलून खास संगीताचा ड्रायव्हर बसवावा आणि त्याच्या जोडीला पंचेचाळीस हजारांचे एक यंत्र घ्यावे, म्हणजे आवाज ‘उघडेल’, असे त्यांना सांगण्यात आले होते. यंत्राची मागणी सोमवारी नोंदवायची होती. दोन्ही कॅसेटी मात्र, आता त्यांचे काम संपले म्हणून, रद्दीच्या पिशवीत जाऊन पडल्या होत्या. त्या पिशवीकडे माझे लक्ष पुढे बऱ्याच वेळाने गेले.

ड्रायव्हर बदलल्याने गाणे खरोखर सुधारते का, हा प्रश्न या सदराकडे यापूर्वीही वाचकांनी पाठविला आहे. त्या रविवारच्या निमित्ताने त्याचे उत्तर नीट मांडतो.

चालकाचे काम काय?

ड्रायव्हर हा शब्द आपल्या व्यवहारात गाडीच्या चालकासाठी रूढ आहे, आणि तोच अर्थ मनात धरला तर संगणकाची बाजू समजणे सोपे जाते. सीडीच्या मापाने साठविलेल्या गाण्यात ध्वनीच्या लहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसविलेले असते. डावी व उजवी बाजू मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. तासाभराचे गाणे सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. हा झाला माल, आणि तो निव्वळ आकड्यांचा आहे.

हे आकडे एका चिपपर्यंत पोहोचतात. ती त्यांचे पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करते. तिला डॅक म्हणतात. साध्या संगणकात ती आतच असते, महागड्या यंत्रात स्वतंत्र पेटीत. प्लेअरपासून या चिपपर्यंत आकडे वाहून नेण्याची जी व्यवस्था, तिचा शेवटचा दुवा म्हणजे ड्रायव्हर.

आता कारखान्यातून डब्यांचे खोके निघाले आणि टेंपोचालकाने ते सीलबंद अवस्थेत ग्राहकाच्या दारी पोहोचविले, तर ग्राहकाच्या हाती पडतो तो तुमचाच माल. चालक कितीही निष्णात असला तरी वाटेत डब्यांची चकाकी वाढत नाही. निष्काळजी असला तर डब्यांना पोचे मात्र पडू शकतात. ध्वनीच्या ड्रायव्हरचेही तसेच आहे. त्याच्याकडून गुण वाढण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. माल बिघडू नये, एवढीच अपेक्षा ठेवायची. दोन ड्रायव्हरांनी तेच आकडे, तसेच्या तसे, त्याच चिपला दिले तर निघणारा ध्वनी एकच असतो. एकाच रकमेच्या दोन पावत्या वेगवेगळ्या शाईत लिहिल्या म्हणून रक्कम बदलत नाही.

प्रश्न एवढाच उरतो की वाटेत खोके कोणी उघडतो का.

खोके कुठे उघडले जाते?

विंडोज संगणकावर प्लेअरच्या सेटिंगमध्ये तीन-चार नावे दिसतात. डायरेक्टसाउंड, वासापी, एएसआयओ ही त्यांतील नेहमीची. लोक ज्याला ‘ड्रायव्हर निवडणे’ म्हणतात ते बहुतेक वेळा या मार्गांपैकी एक निवडणे असते. त्यांत मुख्य भेद दोनच.

पहिला मार्ग सामायिक. त्यात गाणे, संदेशाची घंटी, बैठकीतील बोलणे असा सगळ्यांचा माल एकाच टेंपोत चढतो. तो एकत्र भरायचा म्हणून गोदामात प्रत्येक खोके उघडून ठरलेल्या एकाच मापाच्या खोक्यात पुन्हा भरतात. गाणे ४४,१०० च्या मापाचे आणि संगणकाचे ठरलेले माप ४८,००० असेल, तर मधले आकडे गणिताने नव्याने काढावे लागतात. दुसरा मार्ग स्वतंत्र, म्हणजे ‘एक्सक्लुझिव्ह’. त्यात पूर्ण टेंपो एकट्या गाण्याचा. खोके न उघडता थेट पोहोचते, पण तोवर संगणकावरचा दुसरा कोणताही आवाज त्या यंत्रातून ऐकू येत नाही.

सामायिक मार्गाची अपकीर्ती निराधार नव्हती. १९९८ च्या सुमारास घरोघरी पोहोचलेले साउंड ब्लास्टर लाइव्ह हे कार्ड आतून ४८,००० च्याच मापाने चालत असे आणि सीडीचे प्रत्येक गाणे त्या मापात बदलून घेत असे. ते बदलण्याचे गणित आजच्याइतके सुबक नव्हते, आणि लक्ष देऊन ऐकणाऱ्यांना त्याची खोट जाणवत असे. त्याच काळात जर्मनीतील स्टाइनबर्ग या कंपनीने १९९७ साली एएसआयओ हा मार्ग आणला. त्याचा हेतू वेगळा होता. स्टुडिओत गायकाने माइकमध्ये गायल्यावर त्याचा स्वर त्याच्याच कानी विलंबाने आला तर त्याला गाता येत नाही. तो विलंब कमी करणे हे एएसआयओचे काम. विंडोजचा मिश्रक वाटेत लागत नसल्याने ऐकणाऱ्यांनाही तो पसंत पडला, आणि ‘एएसआयओचा आवाज चांगला’ ही म्हण तिथून रूढ झाली.

पुढे विंडोज व्हिस्टाने २००७ साली ध्वनीची सगळी मांडणी नव्याने केली आणि वासापी हा मार्ग दिला. त्यात सामायिक आणि स्वतंत्र अशा दोन्ही सोयी आहेत. बाहेरच्या यूएसबी डॅकसाठी लागणारा दुसऱ्या पिढीचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये २०१७ साली अंगभूत आला. तोवर उत्पादकाचा ड्रायव्हर वेगळा बसवावाच लागे. आजच्या विंडोजचे माप बदलण्याचे गणितही चांगले आहे. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीची खरी तक्रार बरीचशी मिटली. सल्ला मात्र अजून जुनाच दिला जातो.

गती चुकली की गाणे बदलते

एक चूक मात्र अशी आहे की तिच्यापुढे बाकी सगळ्या किरकोळ ठरतात. ती म्हणजे मापाचीच चूक. ४४,१०० च्या मापाने भरलेले गाणे ४८,००० चे समजून कोणी आकडे न बदलता तसेच वाजविले, तर ते सुमारे पावणेनऊ टक्के वेगाने धावते. तासाभराचे गाणे पंचावन्न मिनिटांत आटोपते आणि गायकाची पट्टी हार्मोनियमच्या जवळपास दीड घराने वर चढते. पन्नाशीच्या बाईचा आवाज तिशीचा वाटू लागतो. ऐकणारा म्हणतो, “आवाज छान आहे, पण आमच्या आईचा नाही.”

ही अडचण संगणकाने आणलेली नाही. ग्रामोफोनच्या सुरुवातीच्या काळात तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांनीच भरल्या जात असे नव्हे. त्यांच्या गतीत बराच फरक असे. म्हणून जुन्या ध्वनिमुद्रिका जपणाऱ्यांना प्रत्येक तबकडीची खरी गती शोधावी लागते. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या क्षेत्रातील हा नित्याचा प्रश्न आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच गोव्याच्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचे. अल्लादिया खाँसाहेबांच्या या शिष्येची भैरवीची एक ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर या दोन अवकाशयानांवरील सोनेरी तबकडीत समाविष्ट झाली. पहिले यान २० ऑगस्टला निघाले आणि दुसरे ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंचे निधन झाले. ही तबकडी मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांनी वाजवायची आहे. पण जिला आपला मिनिट ठाऊक नाही अशा एखाद्या संस्कृतीच्या हाती ती लागली तर? म्हणून तबकडीच्या वेष्टनावर आकृती कोरली आहे. हायड्रोजनच्या अणूतील एका मूलभूत बदलाचा काळ हे एकक धरून एका फेरीला किती वेळ लागावा, ते तीत सांगितले आहे. आपल्या मापाने तो वेळ ३.६ सेकंद.

अब्जावधी मैल दूर जाणाऱ्या गाण्यासोबत त्याची योग्य गती लिहून पाठविणे त्या मंडळींना अत्यावश्यक वाटले. आपल्या संगणकातील प्रत्येक ध्वनी-फाइलच्या आरंभीही तिचे माप असेच लिहिलेले असते. ते वाचून पाळणे हे प्लेअर, प्रणाली आणि ड्रायव्हर यांचे पहिले कर्तव्य. घड्याळ लावून ते कोणालाही तपासता येते. अर्ध्या तासाची कॅसेटची एक बाजू संगणकावर साडेसत्तावीस मिनिटांतच संपत असेल, तर कुठेतरी माप चुकले आहे असे खुशाल समजावे.

त्या घरात काय आढळले

मोठ्या भाईंकडे आम्ही प्रथम हेच तपासले. वेळ बरोबर होती, पट्टीही बरोबर. मग आवाज असा का?

उत्तर ध्वनीच्या यादीत डोळ्यांसमोरच होते. चिरंजीवांचा हेडफोन ब्लूटूथचा. विंडोज १० च्या यादीत त्याची नोंद दोनदा होती, एक ‘स्टिरिओ’ आणि एक ‘हँड्स-फ्री’. हँड्स-फ्री ही दूरध्वनीवर बोलण्यासाठीची वाट. तीत माइक चालू ठेवायचा असतो, म्हणून ध्वनीला जागा अगदी कमी उरते. एकच वाहिनी, आणि सेकंदाला अवघे ८,००० किंवा फार तर १६,००० नमुने. आठ हजारांच्या मापात चार हजार हर्ट्झच्या वरचे काहीच मावत नाही. श, स, च यांची धार आणि झांजेची किणकिण बहुतांशी त्याच्या वरच असते. हिशेबनिसांशी दर आठवड्याला होणाऱ्या बैठकीचा प्रोग्राम संगणक सुरू होताच आपोआप उघडत असे, माइक धरून बसे आणि हेडफोनला त्या वाटेवर ढकलत असे.

आम्ही तो प्रोग्राम बंद केला आणि यादीतून ‘स्टिरिओ’ निवडले. खर्च काही नाही, वेळ दोन मिनिटे. भाभींनी हेडफोन कानाला लावला आणि त्या एकदम उठून आत गेल्या. थोड्या वेळाने परत येऊन म्हणाल्या, “आता बाच आहेत.”

म्हणजे ड्रायव्हरच्या निवडीने फरक पडतो का, याचे एक खणखणीत ‘होय’ आमच्यासमोर होते. चुकीची वाट आवाजाचा गळा दाबू शकते.

दुसरी जागा ‘एन्हान्समेंट्स’ची. अनेक संगणकांत ध्वनी सुधारण्याच्या नावाखाली बास वाढविणे, सभागृहाचा आभास निर्माण करणे, हळू आवाज मोठा करून सगळे एकसारखे करणे अशा सोयी उत्पादकाच्या ड्रायव्हरसोबत येतात आणि पुष्कळदा आधीच चालू असतात. चित्रपट पाहताना त्या कोणाला आवडतीलही. पण गायिकेने मुद्दाम हळू घेतलेली जागा आणि मोकळ्या गळ्याने घेतलेली जागा त्यांच्या हाती पडली की सारख्याच जोराच्या होतात. आम्ही त्या सगळ्या बंद केल्या.

आणि महाग मार्गाने काय दिले

चिरंजीवांचे समाधान अजून झाले नव्हते. “मग एक्सक्लुझिव्ह केले तर याहूनही खुलेल ना?” शंका रास्त होती. करून पाहिले. तारेचा चांगला हेडफोन लावला, तेच स्तवन आधी सामायिक मार्गाने वाजविले, मग स्वतंत्र मार्गाने. तिघेही एका सुरात म्हणाले की दुसरे अधिक जिवंत आहे. मलाही तसेच वाटले.

पण येथे एक फसगत असते. त्या संगणकावर स्वतंत्र मार्ग विंडोजची आवाजाची पट्टी मानत नव्हता. पट्टी अर्ध्यावर होती, तरी स्वतंत्र मार्गाचा आवाज पूर्ण जोराने येत होता. किंचित मोठा आवाज माणसाच्या कानाला मोठा न वाटता चांगला वाटतो. साडीच्या दुकानात गादीवर टाकलेली साडी भरपूर उजेडात पाहणे आणि तीच घरच्या दिव्याखाली पाहणे, तसा हा प्रकार. दुकानदाराला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून दोन्हींचा जोर सारखा करून घेतला आणि झाकून परीक्षा घेतली. दहावीत शिकणारी नात संगणकापाशी बसली, चिरंजीव आणि सूनबाई भिंतीकडे तोंड करून. तिने नाणे उडवायचे, छाप आला तर एक मार्ग, काटा आला तर दुसरा. यांनी कागदावर उत्तर लिहायचे. प्रत्येकाच्या दहा फेऱ्या. निव्वळ अंदाजाने दहापैकी नऊ वा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे एक टक्का असते. तेवढी आली तर फरक खरोखर ऐकू येतो असे मानायला आधार मिळतो. कागद उघडले तेव्हा एकाची पाच बरोबर, दुसऱ्याची सहा. नाण्यानेही तेवढेच दिले असते.

एका घरातील वीस फेऱ्या म्हणजे शास्त्र नव्हे, हे मान्य. पण याच्या जवळच्या प्रश्नावर मोठे प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतील मेयर आणि मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च प्रतीच्या मुद्रणाची तुलना सीडीच्या मापाशी केली. श्रोत्यांनी ५५४ वेळा निवड केली आणि बरोबर उत्तरे आली ४९.८ टक्के. पुढे २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी असे १८ प्रयोग एकत्र तपासले. साडेबारा हजारांहून अधिक चाचण्यांत बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले. प्रशिक्षित श्रोत्यांत ते अधिक होते. म्हणजे फरक असलाच तर तो इतका बारीक की सराव नसलेल्या कानाला त्याचा पत्ता लागणे कठीण. आणि ही तुलना दोन वेगळ्या प्रतींच्या मुद्रणांची होती. तेच आकडे दोन वाटांनी नेल्यावर उरणारा फरक त्याहून अधिक असेल, असे मानण्यास कारण दिसत नाही.

पैसा कुठे लावावा

पंचेचाळीस हजारांचे यंत्र वाईट असते असे मला म्हणायचे नाही. संगणकातील चिप खरखरत असेल, किंवा हेडफोनला पुरेसा जोर देत नसेल, तर बाहेरच्या डॅकने फरक पडतो. साध्या गरजेला त्यासाठी तीन-चार हजारांचे यंत्रही पुष्कळदा पुरते. गाणे मध्येच तुटत असेल, टकटक होत असेल, तर उत्पादकाचा ताजा ड्रायव्हर अवश्य बसवावा. घरी कोणी गाणे मुद्रित करीत असेल तर एएसआयओ हवाच. पण स्वच्छ वाजणाऱ्या संगणकावर केवळ ‘आवाज उघडावा’ म्हणून ड्रायव्हर बदलण्यात हाती काही लागत नाही. फरक पडतो तो दोन टोकांना. एका टोकाला हेडफोन वा स्पीकर आणि ऐकण्याची खोली, दुसऱ्या टोकाला मूळ मुद्रण.

मूळ मुद्रण म्हटल्यावर मला एक खटकत असलेली गोष्ट आठवली. स्तवनांच्या मागे पेटीचा धरलेला सूर कुठेच नव्हता. मोठ्या भाईंना विचारले तेव्हा ते म्हणाले, “काकी पेटी धरत असत. सगळ्याच स्तवनांना.” मग ती गेली कुठे?

कॅसेट उतरविणाऱ्या दुकानाने ‘साफसफाई’ करून दिली होती. खरखर काढणारे प्रोग्राम बहुधा असे धरून चालतात की बदलत राहणारा आवाज म्हणजे माणूस, आणि एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट. तंबोरा आणि पेटीचा धरलेला सूर एकसारखाच चालतो. ऑनलाइन गाणे शिकविणाऱ्या गुरुजनांना हा अनुभव चांगलाच परिचित आहे. बैठकीच्या प्रोग्राममधून समोरच्याला तंबोरा नाहीसा झालेला ऐकू येतो. येथेही पंख्याच्या घरघरीबरोबर काकींची पेटी पुसली गेली होती. फाइलमधून एकदा गेलेले आकडे कोणताही ड्रायव्हर परत आणू शकत नाही.

“कॅसेटी आहेत ना?” मी विचारले.

तेव्हा ती रद्दीची पिशवी पुढे आली. रद्दीवाला मंगळवारी येणार होता.

कॅसेटी पुन्हा उतरविण्याचे ठरले. या कामाला तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, कॅसेट वाजविणाऱ्या यंत्राचे हेड स्वच्छ हवे आणि त्याचा कोन त्या कॅसेटीशी जुळवून घ्यायला हवा. कोन किंचित चुकला तरी वरचे स्वर मंदावतात. दुसरी, गती. कॅसेटीची ठरलेली गती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर आहे, पण जुन्या यंत्राचा पट्टा सैल झाला की ती ढळते. घरात तीच पेटी असेल तर तिच्या स्वराशी ताडून पाहावे. तिसरी, कोणतीही साफसफाई न करता कच्ची प्रत आधी मागून घ्यावी. साफ करायची ती तिच्या नकलेवर. आपल्याकडची हवा खाडीची आणि मिठागरांची, दमट. फितीला बुरशी धरते. तेव्हा हे काम लांबणीवर टाकू नये, आणि उतरविल्यानंतरही मूळ कॅसेट कोरड्या डब्यात, चुंबक आणि स्पीकर यांपासून दूर ठेवावी.

चिरंजीव ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले. तेथे एका जुन्या कारागिराकडून त्यांनी घरचाच टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेतला. नवा पट्टा घातला, हेड साफ झाले. लागलेली रक्कम हजाराच्या आतली. मोठ्या यंत्राची मागणी त्यांनी नोंदविलीच नाही.

बांच्या तिथीच्या आदल्या रात्री मला पुन्हा बोलावले होते. साधे दोन स्पीकर, सामायिक मार्ग, एन्हान्समेंट्स बंद. खरखर होती. पंख्याची घरघरही होती. तिच्याखालून पेटीचा सूर आला आणि त्यावर बांचा आवाज. दुसऱ्या स्तवनाच्या मध्यावर दूरवरून लोकलचा भोंगा ऐकू आला, बा क्षणभर थांबल्या, कोणाला तरी म्हणाल्या, “खिडकी लावून घे ग,” आणि पुन्हा गाऊ लागल्या. आधीच्या साफ केलेल्या प्रतीत ते वाक्यच नव्हते.

भाभी म्हणाल्या, “ते मला सांगितलं होतं. मी नवीन सून होते.”

मोठ्या भाईंनी गाणे थांबविले, थोडे मागे नेले आणि तेवढे वाक्य पुन्हा लावले.